मर्तिकाच्या तेरा दिवसांत इहलोकाची कामे कशी उरकावीत

घरातले माणूस गेले की पुढच्या तेरा दिवसांत दोन प्रकारची कामे एकदमच अंगावर येतात. गेलेल्याचा पुढचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून करायची कामे एकीकडे असतात आणि त्याच्या मागे उरलेल्यांचे जगणे मोडून पडू नये म्हणून करायची कामे दुसरीकडे. पहिल्या प्रकाराला जाणकारांची वाण नसते. गुरुजी, जंगम स्वामी, मौलाना, भन्तेजी, शिवाय भावकीतली चार वडीलधारी माणसे असतात आणि कोणत्या दिवशी काय लागते हे त्यांना तोंडपाठ असते. दुसऱ्या प्रकारची कामे मात्र कोणाच्याच नावावर नसतात, म्हणून ती वर्ष-दोन वर्षे लोंबकळत राहतात आणि त्यांचा भार बहुतेक वेळा विधवेवर किंवा सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलावर पडतो. सोलापूर आणि आसपासच्या घरांसाठी लिहिलेले हे मार्गदर्शन त्या दुसऱ्या प्रकारच्या कामांविषयी आहे. परलोक आहे की नाही या वादात ते शिरत नाही. ज्याची जी श्रद्धा असेल ती तशीच ठेवून या जगातले देणे कसे चुकते करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

पहिले सहा तास

सर्वांत आधी निर्णय घ्यावा लागतो तो नेत्रदानाचा, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळ्यांचे बुबुळ काढले गेले तरच ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. मृताने हयातीत अर्ज भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचे सांगताच घरातल्या एकाने जवळच्या नेत्रपेढीला किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्रविभागाला फोन करावा आणि दुसऱ्याने खोलीतला पंखा बंद करून मृताच्या पापण्या हलक्या हाताने मिटवाव्यात, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करावे. पथक घरी येते, काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे, मधुमेह असणे किंवा वय झालेले असणे यांपैकी कशानेही नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर मात्र ते होत नाही, म्हणून आजाराची माहिती लपवू नये.

याच वेळी घरातले कोणीतरी म्हणते की डोळे दिले तर माणूस पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येतो. दारात रडारड चालू असताना या वाक्याशी तर्काने भांडून उपयोग नसतो. ज्या घरात पुनर्जन्म मानतात त्याच घरात देह हे जुने वस्त्र आहे आणि आत्मा ते टाकून जातो हेही मानतात. तेव्हा टाकलेल्या वस्त्राचा एक तुकडा कोणाच्या कामी आला तर पुढच्या प्रवासात काय अडेल, एवढेच घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शांतपणे विचारावे. होकार बहुधा त्यांच्याकडूनच येतो आणि त्यांनी मान डोलावली की बाकीचे बोलत नाहीत. एवढे करूनही नकार आला तर मात्र तो मान्य करावा. दुःखात असलेल्या माणसाकडून रेटून घेतलेले दान मला तरी दान वाटत नाही.

देहदान करायचे असेल तर सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी संपर्क साधावा. अपघात, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल आणि शवविच्छेदन झाले असेल तर देह अभ्यासासाठी घेतला जात नाही. नेत्रदान करून नंतर देहदान करता येते. दहन होणार नाही म्हणून पिंडदान कसे करायचे, असा प्रश्न येतो. अशा वेळी दर्भाची प्रतिमा करून विधी करण्याची वाट परंपरेतच आहे, गुरुजींना विचारले की ते सांगतात.

ज्याच्या त्याच्या श्रद्धेतच आधार शोधावा

सोलापूर हे एकाच रीतीचे गाव नाही. बाळीवेशीतल्या लिंगायत घरात माणूस लिंगैक्य झाला असे म्हणतात, देह बसवून समाधी देतात आणि शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या संतांच्या, शिकवणीप्रमाणे तिथे प्रेताचे सुतक मानायचे नसते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात दहाव्याला मोठे महत्त्व असते. मुस्लिम घरात शक्यतो त्याच दिवशी दफन होते. बौद्ध घरात नित्य आत्माच मानत नाहीत, तिथे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. म्हणून एका घरातली सुधारणा जशीच्या तशी उचलून दुसऱ्या घराच्या गळ्यात मारू नये. या जगातल्या जबाबदारीचे कलम प्रत्येक परंपरेत आधीपासूनच आहे, ते शोधून त्यावर बोट ठेवावे.

इस्लामी वारसाव्यवस्थेत तर क्रमच ठरलेला आहे. आधी दफनाचा खर्च, मग मृताचे कर्ज, मग जास्तीत जास्त एक तृतीयांश मालमत्तेपुरती वसीयत, आणि त्यानंतर उरेल ते वारसांचे. कर्ज फेडण्याआधी वाटणी करायची नाही हा नियम इतका स्पष्ट आहे की भावाभावांतला वाद मिटवायला तोच पुरतो. लिंगायत घरात 'कायकवे कैलास' हे वचन सगळ्यांना माहीत असते. कैलास मेल्यावर मिळायचा नसून हाती घेतलेल्या कामात आहे, असे म्हणणाऱ्या परंपरेतल्या माणसाला मृताचे अर्धवट राहिलेले काम पुरे करणे हीच त्याची पूजा आहे हे वेगळे पटवावे लागत नाही. ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते त्या बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी इथे अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि लोकांना हाताशी धरून तळेही खोदले. देवासाठी केलेले आणि माणसांसाठी केलेले यांत त्यांनी भेद ठेवला नाही. अर्थात शरण अल्लमप्रभूंनी सोन्नलगीला, म्हणजे त्या काळच्या सोलापूरला, येऊन, खोदकाम करणारा मजूर म्हणून त्यांची थट्टा केली अशीही कथा शरण परंपरेत आहे. लोकोपयोगी कामाचाही अहंकार चढतो हे त्या काळीच ओळखले गेले होते, आणि नेत्रदानाच्या फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्यांनी ही कथा जरूर ऐकावी.

दाखला

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, असे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ सांगतो. त्यानंतर विलंब शुल्क लागते, तीस दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी लागते आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तेराव्यापर्यंत कोणी घराबाहेर पडायचे नाही अशी रीत असेल तर सुतक न लागणाऱ्या जावयाला किंवा मित्राला कागदपत्रांसह पाठवावे.

नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे. अक्कलकोट, मोहोळ, अगदी सीमेपलीकडच्या इंडीकडचा रुग्णही उपचारासाठी सोलापुरात येतो आणि इथल्या रुग्णालयात दगावला तर त्याची नोंद महापालिकेत होते. नातेवाईक मात्र महिनाभर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत राहतात. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालयानेच कळवायची असते, घरी मृत्यू झाला असेल तर कुटुंबाने कळवायची असते आणि मृत्यूच्या कारणाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडायचे असते. माहिती देताना नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षर न अक्षर जुळवून लिहावे. तेलुगू आणि कन्नड आडनावे रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरे आणि विडी कारखान्याच्या ओळखपत्रावर तिसरे अशी लिहिलेली असतात, आणि पुढे भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज नेमका त्यावरच अडतो. दाखल्याच्या दहा तरी प्रती घ्याव्यात.

रक्षा आणि पाणी

रक्षा सावडल्यानंतर ती चंद्रभागेत सोडायची म्हणून सोलापूरची कुटुंबे पंढरपूरला जातात. या बाबतीत भूगोल लक्षात ठेवावा. भीमा पंढरपूरवरून पुढे वाहत येते आणि खाली टाकळीला तिचे पाणी सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उचलले जाते. गंगेसारखी ती बारमाही भरून वाहत नाही. उजनीतून पाणी सोडतात तेव्हाच पात्र भरते आणि एरवी जागोजागी डबकी असतात. अशा पाण्यात पोतेभर राख, फुलांचे हार, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मृताचे कपडे टाकणे म्हणजे आपल्याच घरच्या पिंपात टाकणे आहे.

ज्यांना नदीशिवाय समाधान नाही त्यांनी मूठभर अस्थी तेवढ्या विसर्जित कराव्यात आणि उरलेली रक्षा शेतात किंवा मोकळ्या जागेत खड्डा घेऊन त्यात टाकून वर झाड लावावे. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आता हे सर्रास होते. झाड जगवायचे असेल तर एक काळजी घ्यावी लागते. राखेत क्षार भरपूर असतात आणि आपली काळी जमीन आधीच क्षारांकडे झुकलेली असते, त्यामुळे निव्वळ राखेत रोप खोचले तर ते करपते. राख खड्ड्याच्या तळाशी पसरून तिच्यात चौपट-पाचपट माती आणि शेणखत मिसळावे, वर हातभर साधी माती भरावी आणि मग कडुलिंब किंवा चिंच लावावी. पहिले दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस नावानिशी ठरवल्याशिवाय झाड लावू नये. सोलापूरच्या उन्हात वाळलेले स्मृतिवृक्ष रस्तोरस्ती दिसतात.

दहाव्याचा शब्द लिहून ठेवावा

दहाव्याच्या दिवशी घाटावर जे घडते ते मला या सगळ्या विधींमध्ये सर्वांत महत्त्वाचे वाटते. पिंड ठेवून सगळे मागे सरतात, कावळे समोरच्या झाडावर बसून राहतात आणि एकही खाली उतरत नाही. मग थोरला मुलगा हात जोडून पुढे होतो आणि म्हणतो, "आप्पा, धाकटीचं लग्न मी करतो, तुम्ही काळजी करू नका." कावळा हलत नाही. मागून चुलते सुचवतात, "सोसायटीचं कर्ज म्हण की." तो म्हणतो, "सोसायटीचं मी फेडतो." तरी नाही. शेवटी आत्याबाई पदर सावरत पुढे येतात आणि कोणालाच बोलायला न सुचलेले बोलतात, "दादा, वैनीला कुणी अंतर देणार नाही, ये आता." कावळा शिवतो किंवा शिवत नाही, न शिवला तर दर्भाचा कावळा करतात.

इथे मृताच्या आत्म्याकडे मोक्ष मागितला जात नाही, त्याला जिवंतांविषयीची हमी दिली जाते. परलोकावरच्या श्रद्धेने इहलोकाची जबाबदारी इतक्या उघडपणे, शंभर माणसांसमोर घ्यायला लावलेली आहे, आणि घाटावरून घरी येईपर्यंत ती विसरली जाते. म्हणून घरातल्या एकाने, शक्यतो बहिणीने किंवा शिकलेल्या सुनेने, पिंडापुढे कोण काय बोलले ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवावे आणि प्रत्येक वाक्यापुढे माणसाचे नाव व महिना लिहावा. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ती वही घरात वाचावी. ज्यांच्याकडे पिंडदान नाही त्यांनी पुण्यानुमोदनाच्या किंवा शोकसभेच्या भाषणांतली आश्वासने लिहून घ्यावीत. ती तर अधिकच हवेत विरणारी असतात.

कर्जाच्या बाबतीत मात्र शब्द देण्याआधी माहिती घ्यावी. बापाचे कर्ज मुलाने फेडले नाही तर बाप नरकात खितपत पडतो, अशी धर्मशास्त्राची धारणा होती आणि त्या पवित्र कर्तव्याच्या आधारावर न्यायालयेही पूर्वी मुलाकडून वसुली मान्य करत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून काढलेल्या कर्जांना हा आधार उरलेला नाही. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली असेल तेवढ्याच मर्यादेत मृताचे कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर येते. तो स्वतः जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. यंत्रमाग मालकाकडची उचल, हातउसने, पतसंस्था आणि बचत गटाचे कर्ज यांची यादी करावी आणि प्रत्येक संस्थेला कर्जावर विमा होता का हे लेखी विचारावे, कारण अशा कर्जांना अनेकदा विमा जोडलेला असतो आणि तसा असेल तर उरलेली रक्कम विम्यातून भागते. कागद नसलेले पण खरे असलेले देणे फेडावे की नाही हे कायदा सांगणार नाही. तिथे पितृऋण मानणाऱ्याने आपल्या श्रद्धेला कौल लावावा, आणि माझ्या मते तेराव्याच्या जेवणाआधी शेजारणीकडून घेतलेले उसने पैसे परत करावेत.

मागे राहिलेली बाई

कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या गोष्टी मृताला कोणत्याही लोकात पोचवत नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले, आणि या कल्पनेचा पाठपुरावा करणारी मंडळी आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याची होती. घरात हे थांबवायचे असेल तर स्मशानातून माणसे परतण्याआधी थांबवावे लागते. दोन ठाम बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसवाव्यात आणि 'नंतर बघू' एवढेच म्हणत राहावे.

पैशाची कामे तिच्या हातात पडेपर्यंत कोणीतरी सोबत राहिले पाहिजे. मृताच्या खात्यातून एटीएमने पैसे काढू नयेत. तो सोपा वाटणारा मार्ग पुढे वारसांत भांडण लावतो. आधी पासबुक भरून आणावे आणि मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपये किंवा २० रुपये वजा झालेले दिसतात का ते बोट फिरवून पाहावे. ४३६ रुपयांची नोंद प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची असते आणि तिच्यावर दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची नोंद अपघात विम्याची असते आणि अपघाती मृत्यूवर तेवढीच रक्कम मिळते. विडी किंवा गिरणी कामगार असेल तर भविष्यनिर्वाह निधीसाठी नमुना २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ असे तीन वेगळे अर्ज असतात. कारखान्याचा माणूस बहुधा पहिल्याचेच नाव घेतो, उरलेले दोन आपण मागायचे असतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला अठरा ते एकोणसाठ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर तहसील कार्यालयातून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिथेच होतो.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा प्रत्येकी समान वाटा असतो. आईचा वाटा लोक विसरतात, मुलींचा विसरल्यासारखे करतात. शेतजमीन असेल तर वारसाची माहिती तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात द्यावी आणि अर्जात सर्वांची नावे घालावीत. दहाव्याला 'बहिणीला अंतर देणार नाही' म्हणणारा भाऊ महिन्याभरात हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन येतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की बहिणींनी त्यासाठी आधीच उत्तर तयार ठेवावे. वर्षश्राद्धापर्यंत कोणत्याही कागदावर सही नाही, हे उत्तर पुरेसे असते.

जेवण

तेराव्याला गोडाचे जेवण किती माणसांचे, हा आकडा यजमानाने नव्हे तर घरात उरलेल्या पैशाने ठरवावा. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारणारे गाडगे महाराज कर्ज काढून केलेल्या कार्यांवर कीर्तनांतून आयुष्यभर कोरडे ओढत राहिले, तेव्हा वारकरी घराला हे सांगायला दुसरा आधार शोधण्याची गरज नाही. भावकीने जेवणावरून वाळीत टाकण्याची धमकी दिली तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ हा राज्यात गुन्हा मानतो, एवढे नुसते बोलून दाखवावे; प्रकरण बहुधा तिथेच निवते.

आपले स्वतःचे

दुसऱ्याच्या घरी हे सगळे पाहून आल्यावर आठवडाभरात आपले मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. आपल्यावर कोणाचे किती देणे आहे त्याची यादी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडावी. दहन की दफन, नेत्रदान करायचे की नाही आणि तेराव्याला किती पाने वाढायची, हे मात्र मृत्युपत्रात न लिहिता आत्ताच घरच्यांना तोंडी सांगावे, कारण मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा हे सगळे होऊन गेलेले असते. मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण लॉकर उघडायला आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे जमवावी लागतात. ते घरातल्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे आणि कुठे ठेवले आहे हे निदान दोघांना सांगून ठेवावे.